दत्तोबांचे काळे केस

खराडी गावात दत्तोबांना ओळखत नाही असा जुना माणूस सापडला नसता, आणि गेल्या आठ वर्षांत त्यांचा एक तरी पांढरा केस पाहिलेला माणूसही सापडला नसता. वय सदुसष्ट, पण डोकं आणि मिशा कोळशाच्या वखारीतून आत्ताच बाहेर पडल्यासारख्या काळ्याभोर. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या भिंतींची कंपनी उभी होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजली इमारत बांधली होती. खालच्या दोन मजल्यांवर अकोल्या-नागपूरकडची नोकरदार मुलं भाड्यानं राहायची आणि वर दत्तोबा, बायको आनंदीबाई, मुलगा इंद्रजीत, सून प्रियदर्शनी आणि आठवीतली नात संस्कृती.

केस काळे करायला दत्तोबा न्हाव्याकडे जात नसत. सीताराम न्हाव्याला कळलं की गावाला कळलं, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. ते काम ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, स्वतःच उरकायचे. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला आणि हात मानेच्या मागे पोचेना. अशाच एका रविवारी दहा वर्षांची संस्कृती धुतलेले बूट वाळवायला गच्चीवर आली आणि आजोबा हातात ब्रश, खांद्यावर जुना टॉवेल अशा अवस्थेत तिला सापडले.

"आबा, मागे पांढरा पट्टा राहिलाय," ती म्हणाली. "झेब्र्यासारखा."

"कुठं?"

"द्या इकडे."

तिनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि वाटीतलं काळं मिश्रण इतक्या मन लावून फासलं, की दत्तोबांना आपल्या आईची आठवण झाली. पाकिटात प्लास्टिकचे हातमोजे असायचे, पण ते बाप्यांच्या मापाचे. तिच्या हातात ते घसरायचे, बोटं आत हरवायची. दोन रविवारांत तिनं ते काढूनच टाकले. हाताला लागलेला काळा रंग ती घासणीनं खरवडून काढायची.

"कुणाला सांगायचं न्हाई हां, तायडे," दत्तोबांनी बजावलं होतं.

"आईशप्पथ नाही सांगणार."

तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी, आनंदीबाई भजनाला आणि इंद्रजीत-प्रियदर्शनी आठवड्याचा बाजार आणायला गेले, की आजोबा-नातीची गच्चीवर बैठक बसायची. पाऊण तास रंग केसात मुरेपर्यंत दोघं गप्पा मारत. तिच्या शाळेतल्या भानगडी त्यांना प्रियदर्शनीपेक्षा जास्त माहीत होत्या. आणि त्यांच्या तरुणपणच्या कबड्डीच्या गोष्टी ऐकून ऐकूनच ती कबड्डीला लागली होती. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाई करणारीचा घोटा एकदा तिच्या हाती आला की सुटत नसे.

त्या दिवाळीनंतर तिच्या बोटांना खाज सुटली.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग बोटांच्या बेचक्यांत बारीक पाणीदार फोड आले, कातडी लाल झाली, फुटली, तिला खपल्या धरल्या. आनंदीबाईंनी कडुनिंबाच्या पाण्यात हात बुडवायला लावले. प्रियदर्शनी मूळची अमरावतीची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सगळं पद्धतशीर करणारी. तिनं साबण बदलला, भांड्यांचा साबण बदलला, वांगी बंद केली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं मलम आणलं. मलमानं बरं वाटायचं आणि काही दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तिला वाटलं, कबड्डीच्या मॅटचं रबर असणार. तिनं खेळ बंद केला.

संस्कृती रडली नाही. भांडली मात्र खूप. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या जिल्हा संघाची निवड जानेवारीअखेर होती, आणि वयाच्या हिशेबानं तिची ही शेवटचीच संधी होती. दत्तोबांनी मध्ये पडून तोडगा काढला. सरावाला बसून बघायचं, मॅटला हात लावायचा नाही. दत्तोबा स्वतः तिला घेऊन गेले. प्रशिक्षक रुपालीताईंनी तिला बिचारीला पाच मिनिटं साखळीत उभं केलं, नुसतं पायांच्या हालचालींसाठी. साखळी म्हणजे शेजारणीचा हात धरून उभं राहायचं. शेजारी तनया होती, संस्कृतीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिनं संस्कृतीच्या खपल्या धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात मागे घेतला. मग तिनं नुसती तिची बाही चिमटीत धरली.

हे दत्तोबांनी कठड्यावर बसून पाहिलं. परत येताना संस्कृती स्कूटरवर त्यांच्या मागे बाह्या बोटांपर्यंत ओढून बसली होती. घर आल्यावर म्हणाली, "आबा, आईला सांगू नका हं तनयाचं. ती तनयाच्या आईला फोन करेल."

जानेवारीत एका सोमवारी ती उठली तीच सुजलेले डोळे घेऊन. पापण्या पुरीसारख्या फुगल्या होत्या. प्रियदर्शनीनं रजा टाकली आणि स्वारगेटजवळच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर द्वारका सबनीस यांची वेळ घेतली. दत्तोबाही गाडीत बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

द्वारकाबाई साठीच्या. पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, नाकाच्या टोकावर चष्मा आणि बोलणं अस्सल पुणेरी. खोलीत पाटी होती : 'आंतरजालावर वाचून आला असाल तर उपचारही तिथेच घ्यावेत.'

त्यांनी संस्कृतीचे हात उलटेसुलटे करून पाहिले, पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "ही स्पर्शाची अ‍ॅलर्जी दिसतेय. लागण होणारी नाही. कुणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. आता मला सांग, हाताला काय काय लागतं तुझ्या? रंग, डिंक, स्लाइम, नेलपॉलिश?"

"शाळेतले रंग. नेलपॉलिश नाही."

"काळी मेंदी काढलीस कधी? कोनातली, तासाभरात रंगणारी?"

"मावशीच्या लग्नात. सहावीत होते," संस्कृती म्हणाली. "तेव्हा पण खाजलं होतं थोडं."

द्वारकाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आणि केसांचा डाय? घरात कुणी लावतं?"

"नाही," संस्कृती पटकन म्हणाली. "आमच्या घरात कुणीच नाही लावत."

द्वारकाबाईंनी चष्म्यावरून नजर उचलली. प्रियदर्शनीच्या केसांत चार रुपेरी बटा होत्या. नजर तिच्यावरून सरकत दत्तोबांवर आली आणि त्यांच्या मिशांवर थोडी रेंगाळली. दत्तोबा भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे एकाग्रतेनं बघू लागले. त्यांच्या मनात एवढंच आलं, की पोरीनं राखली लाज. डायचा आणि फोडांचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आठ वर्षं डोक्याला लावतोय, आपल्याला कुठं काय झालं?

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आधी हे शांत करू. दोन आठवडे हे मलम. मग पाठीवर पट्ट्या लावून बघू, नेमकं कशाचं वावडं आहे ते. तोवर साधं पाणी, साधा साबण आणि खरं बोलणं. तिन्ही त्वचेला चांगलं."

मलम लागू पडलं. आठ दिवसांत पापण्या उतरल्या. दोन आठवड्यांनी हात इतके नितळ झाले की संस्कृती येताजाता ते उजेडात धरून बघायची. सोमवारी पट्ट्या लावायच्या होत्या. आणि आदल्या दिवशीचा रविवार नेमका तिसरा रविवार होता.

आनंदीबाई भजनाला गेल्या. गाडी बाजाराला गेली. दत्तोबा गच्चीवर ऊन खात बसले होते, तर संस्कृती वाटी, ब्रश आणि जुना टॉवेल घेऊन हजर.

"चला आबा. मुळं दिसायला लागलीत. मिशांत तर फारच."

"आगं, ऱ्हाऊ दे. तुझे हात…"

"झाले ना बरे." तिनं दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "उरकू पटकन."

ते हात दत्तोबांनी आपल्या हातात घेतले. कोवळी, नवी, गुलाबी कातडी. आणि त्या हातांकडे बघता बघता त्यांच्या मनात काहीतरी हललं. तीन आठवडे डाय नाही, आणि हात बरे. मागच्या खेपेला केस रंगवले तो रविवार, आणि डोळे सुजले तो सोमवार. त्याच्या आधी फोड उठले तेव्हा दत्तजयंतीसाठी केस रंगवले होते. त्याच्या आधी भाचीचा साखरपुडा. एकेक रविवार आठवत ते दिवाळीपर्यंत मागे गेले.

"तायडे," त्यांनी विचारलं, "हे डायनं होतं का गं?"

तिनं वाटी खाली ठेवली.

"तुला ठावं होतं?"

"नक्की नव्हतं माहीत," ती वाटीकडे बघत म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वाटलं. म्हणजे त्याच्या आधी पण थोडं वाटलं होतं."

"मग बोलली का न्हाईस? तुझी कबड्डी बंद झाली. त्या पोरीनं हात धरला न्हाई तुझा. डोळं सुजून मिटायची पाळी आली. आन् तू आज पुन्हा ब्रश घेऊन आलीस?"

"तुम्हीच म्हणाला होता, कुणाला सांगायचं नाही." ती म्हणाली. "आणि मी नाही लावला तर मागे कोण लावणार? तुमचा खांदा कुठे वर जातो?"

उभ्या आयुष्यात त्यांनी कोर्टकचेऱ्या पाहिल्या, भाऊबंदकी पाहिली, जमीन जाताना पाहिली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आज त्यांनी तो जुना टॉवेल तोंडाला लावला. संस्कृती घाबरली. "आबा, अहो आबा, असं काय करता?" म्हणत तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग त्यांनी वाटी उचलली, नळाखाली धरली आणि काळं पाणी मोरीतून जाईस्तोवर तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या, खुर्चीवर बसायच्या आधीच दत्तोबा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मी डाय लावतो. आठ वर्सं. आन् मागल्या तीन वर्सांपासनं ही पोर माझ्या डोक्याला लावती. उघड्या हातानं. ती मागल्या खेपेला खोटं बोलली ती माझ्यापायी. गुन्हा माझा हाय."

प्रियदर्शनी वळून बघतच राहिली. "आबा!"

"बसा," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही डाय लावता हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. सदुसष्टाव्या वर्षी निसर्ग एवढा उदार नसतो. ते ही लावते, हे मात्र माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत." मग त्यांनी विचारलं, "कशासाठी लावता? रागावून नाही विचारत."

दत्तोबांनी नातीकडे पाहिलं. सांगावं की नाही, अशी घालमेल झाली, पण आता लपवाछपवीचा त्यांना वीट आला होता.

"ही पाच वर्सांची असंल," ते म्हणाले. "हिच्या वर्गातल्या एका पोरीचा आजा वारला. ही घरी आली ती रडतच. मला म्हणाली, त्याचे केस पांढरे होते, तुमचे पण पांढरे हायेत, तुम्ही कधी मरणार? काही केल्या गप बसंना. जेवंना. दुसऱ्या दिवशी मी डाय आणला. ही शाळेतनं आली, माझं काळं डोकं बघितलं आन् पोटभर जेवली. मग काय, सोडायचा धीरच झाला न्हाई."

प्रियदर्शनी खिडकीतून खाली रहदारीकडे बघत होती, पण तिचा हात पर्समध्ये रुमाल शोधत होता.

"मी असं म्हणाले होते?" संस्कृतीनं विचारलं. "मला आठवत पण नाही."

"तुला कशाला आठवंल? मला आठवतं ना."

द्वारकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "काका, तुमच्या डायनं सुरुवात झाली असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली धार थोडी कमी झाली होती. "सुरुवात बहुधा त्या काळ्या मेंदीनं झाली. त्यात तेच रसायन असतं पुष्कळदा. एकदा शरीरानं ते वैरी म्हणून ओळखून ठेवलं, की पुढे दर भेटीला भांडण. तुमच्या डायनं भांडणं लावली, एवढाच तुमचा वाटा. पण पट्ट्या लावूनच खात्री करू. लावल्या की आठवडाभर घाम नको, पाठीवर पाणी नको, उड्या नकोत."

"आठवडाभर?" संस्कृतीचा चेहरा पडला. "शनिवारी निवड आहे."

"कसली?"

"कबड्डीची. जिल्ह्याची."

द्वारकाबाईंनी तिचे हात पुन्हा एकदा पाहिले. "काल डाय लावलास?"

"नाही. आबांनी ओतून दिला."

"मग हात बरे आहेत, आणि संशयित आपण होऊन हजर झालाय. पट्ट्या पुढच्या सोमवारी लावू. मॅटवर मनसोक्त खेळ. मॅटचं काही असलं तर तेही पट्ट्या सांगतीलच." आणि प्रियदर्शनीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कबड्डी बंद केलीत, वांगी बंद केलीत. आता दोन्ही सुरू करा. वांग्यांबद्दल मुलीची तक्रार असेल तर तो तुमचा आपसातला प्रश्न."

परतताना गाडी प्रियदर्शनी चालवत होती. दत्तोबांना वाटलं, आता सूनबाई बोलणार, आणि बोललीच पाहिजे. हडपसरच्या पुढे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "आबा, मला राग आलाय. खूप आलाय. तीन महिने मी साबणांच्या मागे धावले."

"बरोबर हाय तुझं."

"तिला सिक्रेट ठेवायला लावायचं नाही यापुढे. कुठलंच."

"न्हाई लावणार."

"आणि…" सिग्नल सुटला तरी ती क्षणभर थांबली. मागच्यानं भोंगा वाजवला. "तुम्ही तिच्यासाठी केस रंगवलेत हे मला आधी सांगायला काय झालं होतं? मी नसतं हसले."

शुक्रवारी दत्तोबा सीताराम न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. "बारीक कर. समदं काळं गेलं पाहिजे. मिशा पण." सीतारामनं दोनदा विचारलं, कुणी गेलं का. दत्तोबांनी सांगितलं, गेलं न्हाई कुणी, मीच परत आलो. घरी आले तेव्हा डोक्यावर पांढरी मऊ लव होती आणि ओठावर कित्येक वर्षांत पहिल्यांदा ऊन लागत होतं. आनंदीबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, शेंग मोडायची थांबल्या, आणि चांगलं निरखून म्हणाल्या, "आता कसं नवऱ्यासारखे दिसता. आठ वर्सं लोकं मला तुमची थोरली बहीण समजत होती."

"तुला ठावं होतं?"

"गच्चीतली मोरी कोण घासतं?" आनंदीबाईंनी विचारलं आणि पुन्हा गवारीला लागल्या.

शनिवारी मैदानावर गर्दी होती. संस्कृती मॅटवर उतरली आणि तनया तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. संस्कृतीच म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, लागण होत नाही. डायची अ‍ॅलर्जी आहे."

"सॉरी ना," तनया म्हणाली. "मला घरी सांगितलं होतं हात धरू नको." आणि तिनं हात धरला, चांगला घट्ट, बोटांत बोटं अडकवून. कठड्यावर बसलेल्या दत्तोबांनी ते पाहिलं आणि उगाचच शेजारच्या अनोळखी माणसाला शेंगदाणे दिले.

संस्कृतीनं त्या दिवशी पाच पकडी केल्या. एकीत तिचा गुडघा सोलवटला, त्याची तिला शुद्धही नव्हती. संध्याकाळी यादी लागली तेव्हा बारा जणींत तिचं नाव नव्हतं. राखीव खेळाडूंत दुसरं होतं. सराव दोन महिने बुडाला होता, तो कुठेतरी दिसणारच होता. दत्तोबांचा चेहरा उतरला. "माझ्यापायी गेलं," ते म्हणाले.

"आबा, राखीवमध्ये आहे मी! कॅम्पला जायचंय!" ती ओरडली. "तुम्ही नीट वाचलं का?"

सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटल्या, छोट्या छोट्या चौकोनांच्या रांगा. बुधवारी त्या काढल्या. सगळे चौकोन कोरे, फक्त एक लालबुंद फुगलेला. शुक्रवारी तो आणखी फुगला. रबराच्या चौकोनांना काहीच नव्हतं. द्वारकाबाईंनी रसायनाचं नाव कागदावर मराठीत लिहून दिलं, पॅराफेनिलीनडायअमीन, आणि सांगितलं, ही ओळख आता जन्माची. केसांचा डाय नाही, काळी मेंदी नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर हे आधी सांगायचं.

तो कागद संस्कृतीच्या दप्तरात गेला, पण शब्द पाठ केला दत्तोबांनी. स्कूटरवर म्हणत, देवळात म्हणत. आठवड्यात तो त्यांच्या जिभेवर असा बसला, की भाडेकरू पोरं त्यांना केमिस्ट्रीची शंका विचारू लागली.

मे महिन्यात वाघोलीला पुतणीचं लग्न निघालं. मांडवात मेंदीवाली बसली होती, भोवती पाच-सहा वर्षांपासून पंधरापर्यंतच्या दहा-बारा मुली हात पसरून. पांढऱ्या डोक्याचे दत्तोबा तिथं गेले, एक कोन उचलला आणि उलटा-पालटा करून पाहिला.

"ह्यात काय काय हाय?"

"मेंदी आहे, आबा. झटपट काळी रंगते."

"लिहिलेलं न्हाई काही."

"लिहितात कुठे?"

दत्तोबांनी तो मोठा शब्द तिला दोनदा ऐकवला. ती बिचारी गोंधळली. मुली खिदळल्या. नवरीच्या आईनं कपाळाला हात लावला, की हे भावजी आता मुहूर्त चुकवणार. तेवढ्यात संस्कृती पुढे झाली. तिनं मेंदीवालीला आपला मोबाईल दाखवला, फोड आलेल्या बोटांचा, सुजलेल्या पापण्यांचा फोटो. मेंदीवालीनं तो बराच वेळ पाहिला. तिच्या मांडीवर तिची स्वतःची लहान मुलगी बसली होती, हातावर काळ्या मेंदीचं ताजं फूल काढलेली. तिनं पदर ओला करून ते फूल आधी पुसून काढलं.

"मेंदीचा साधा पाला मिळेल का इथे?" तिनं विचारलं. "वाटून दिलात तर काढते. रंगायला वेळ लागेल मात्र."

"लागू दे," दत्तोबा म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली शोधत मांडवाबाहेर पडले.